एकाच पातेल्यात बरगड्या आणि भाज्या
डुकराच्या बरगड्या आणि भाज्या एकाच पातेल्यात शिजवताना चव कशी उतरणार, हे माझ्या मते पहिल्या वीस मिनिटांतच ठरते. बरगड्या धुऊन फडक्याने अगदी कोरड्या टिपून घ्याव्यात, कारण ओले मांस तापलेल्या तेलात खरपूस होण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात वाफवले जाते. मीठ-मिरी लावलेले तुकडे मी दाटी न करता दोन खेपांत परतते. कडा तांबूस होऊन तुकडा तळापासून अलगद सुटू लागला, की मगच तो उलटायचा. त्याच तेलात कांदा-लसूण परतून वाटीभर पाणी घालावे आणि तळाला धरलेला तपकिरी थर लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावा. रश्श्याची खरी चव त्या थरातच असते.

यानंतर बरगड्या बुडतील इतके गरम पाणी आणि एक तमालपत्र घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर सुमारे सव्वा तास शिजू द्यावे. मांसातील कोलॅजेन (स्नायूंना धरून ठेवणारे चिवट प्रथिन) ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते, म्हणूनच रस्सा ओठांना किंचित चिकटतो. मोठ्या आचेने हा वेळ वाचत नाही. मांस मात्र कोरडे पडते.

गाजर आणि बटाटे शेवटच्या २५ मिनिटांसाठी, तर कोबी शेवटच्या १० मिनिटांसाठी घालावा. हाडाचे टोक उघडे पडून सुरी सहज आत शिरली, की पातेले उतरवावे आणि वर आलेली जास्तीची चरबी पळीने काढून घ्यावी.