खापराला टिचकी

ब्लाउजचं माप देताना बाईला दोन मिनिटं हात वर करून उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात गप्पा होतात. गेली सहा वर्षं त्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो. "काकू, शनिवारी दुकान बंद ठेवून तुम्ही व्याख्यानाला जाता म्हणे. कोर्सही करता. कशाला हो? यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं. आणि या वयात डिग्री घेऊन करायचंय काय?" सुनेनं विचारलं, भावानं विचारलं, समोरच्या मेडिकलवाल्यानं विचारलं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

यूट्यूब मीही बघते. रात्री हुक-काज करताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवते आणि ऐकत बसते. त्यातली काही व्याख्यानं फार चांगली असतात. पण मी मनात काहीतरी उलटंच समजून बसले, तर मोबाइल मला थांबवत नाही. "काकू, इथं चुकलात" असं म्हणणारं माणूस समोर लागतं. त्याच्यासाठी मी दोन बस बदलून जाते.

पहिल्यांदा ते मला कुठं भेटलं ते सांगते. येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. जुन्या दगडी इमारती, मोठाली झाडं. लोकमान्य टिळक तिथं शिकले, त्यांची खोली अजून जपून ठेवली आहे. आज ते अभिमत विद्यापीठ आहे आणि पुरातत्त्वासाठी त्याचं नाव देशभर घेतलं जातं. तिथं आमच्यासारख्या बाहेरच्या माणसांसाठी पुरातत्त्वाची ओळख करून देणारा एक छोटा अभ्यासक्रम होता, त्यात मी नाव घातलं. वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक काका, किल्ले हिंडणारी चार-पाच पोरं, एक रिक्षावाले दादा आणि शिवणकाम करणारी मी.

एके दिवशी सरांनी टेबलावर पत्र्याच्या ट्रेमध्ये खापरं मांडली आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन दिली. माझ्या हातातलं एक जाड, करड्या रंगाचं, खरबरीत, कडेला धुराचा काळा डाग असलेलं. दुसरं पातळ, लालसर, त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघांची जाळी. "यातलं जुनं कुठलं?" सरांनी विचारलं. मी लगेच जाड खापर वर केलं. "का?" म्हटलं, "हे ओबडधोबड आहे. माणसाला आधी ओबडधोबड येतं, मग सुबक येतं." मला स्वतःच्या उत्तराची पुरती खात्री होती. मी शिवलेला पहिला परकर आणि आजचा ब्लाउज यांच्यात हाच तर फरक आहे.

सर म्हणाले, "चूक. पण तुम्ही कारण दिलंत ते बरं झालं, म्हणजे चूक कुठं आहे ते आपल्याला शोधता येईल." जाड खापर दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी चुलीवरच्या मडक्याचं होतं. पातळ खापर तीन हजार वर्षांपेक्षा जुनं होतं. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथं १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी उत्खनन केलं, म्हणून असल्या भांड्यांना जगभर जोर्वे भांडी म्हणतात. "आता त्याला टिचकी मारा," सर म्हणाले.

मी नखानं टिचकी मारली. खण्ण वाजलं, अगदी पितळी वाटीसारखं.

उन्हाळ्याच्या तोंडावर आई मला माठ घ्यायला कुंभारवाड्यात न्यायची. दहा माठ वाजवायची तेव्हा एक पसंत पडायचा. बद्द वाजला की तडा, खणखणीत वाजला की घ्यायचा. तेच कान इथं लावायचे होते. माती बारीक गाळून घेतली, चाकावर पातळ काढली आणि चांगल्या आचेवर एकसारखी भाजली, की ती अशी बोलते. मग सरांनी खापर उलटं धरायला सांगितलं. आतल्या बाजूनं केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एकमेकींना समांतर, मशीनच्या टीपेसारख्या सरळ. चाक फिरत असताना कुंभाराची बोटं टेकली होती, त्या बोटांच्या त्या रेघा. मी त्यावर माझं बोट ठेवलं. पुढची पाच मिनिटं सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

घरी येताना बसमध्ये डोक्यात एकच चाललं होतं. आधीची माणसं अडाणी आणि नंतरची हुशार, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी ते माझ्या आत पन्नास वर्षं ठाण मांडून बसलं होतं. एका चुकीच्या उत्तरानं ते बाहेर आलं. घरी बसून शंभर व्हिडिओ बघितले असते, तरी ते तसंच आत राहिलं असतं, कारण मला उत्तर द्यायलाच लागलं नसतं.

आता थोडं मागचं सांगते. माझं शिक्षण दहावी. पुढं लग्न, मशीन, दोन मुलं. या अभ्यासक्रमाच्या दोन वर्षं आधी मी दुसऱ्या एका संस्थेत असाच अर्ज आणायला गेले होते. खिडकीतल्या माणसानं शिक्षण विचारलं आणि मान वर न करता म्हणाला, "दहावी? तुम्हाला झेपणार नाही, काकू." त्या अभ्यासक्रमाला शिक्षणाची काही अट नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. मी तशीच परत आले आणि दोन वर्षं पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून असे उपक्रम चालवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फलकावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, "शिक्षणाची अट नाही, कुणीही या." आणि प्रदर्शनातल्या पाट्याही मराठीत लावा. नुसत्या इंग्रजी पाट्यांपुढून माणसं किती भराभर पुढं सरकतात, ते एकदा दारात उभं राहून बघा.

मला परत आत नेलं ते एका कापडी फलकानं. आमच्या भागातल्या कॉलेजच्या फाटकावर लावला होता: डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला, बहिःशाल शिक्षण मंडळ. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर, त्यांच्या नावानं विद्यापीठ ही व्याख्यानं गावोगावच्या कॉलेजांत नेतं. 'बहिःशाल' हा शब्द मी दोनदा वाचला. शाळेच्या बाहेरचं! म्हणजे माझंच. आत जाऊन मागच्या बाकावर बसले. कुणी काही विचारलं नाही.

या बहिःशाल प्रकाराचं मूळ कुठलं, तेही अशाच एका व्याख्यानात कळलं. इंग्लंडमध्ये जेम्स स्टुअर्ट नावाचे केंब्रिजचे एक तरुण अध्यापक १८६७ पासून उत्तरेकडच्या शहरांत बायकांसमोर व्याख्यानं द्यायला लागले. तरुण पुरुषाला बायकांनी भर सभेत प्रश्न विचारणं तेव्हा बरं दिसत नसे. म्हणून ते प्रश्न छापून वाटायचे आणि बायका घरून उत्तरं लिहून पाठवायच्या. पुढं रॉचडेल गावात कामगारांपुढं बोलत असताना एकदा त्यांना घाई होती, म्हणून त्यांनी आपल्या आकृत्या भिंतीवर तशाच ठेवल्या. पुढच्या आठवड्यात येऊन बघतात तर कामगारांनी मधल्या काळात त्या आकृत्यांवर चर्चा करून प्रश्नांची यादीच तयार ठेवलेली. तेव्हापासून व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला. १८७३ मध्ये केंब्रिजनं हे काम अधिकृतपणे हाती घेतलं. भिंतीवरची ती चित्रं आणि त्यांच्यापुढं जमलेली गिरणीची माणसं मला डोळ्यांपुढं दिसतात.

आपल्याकडं हे कुणी आयतं आणून दिलं, असंही नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकरी बायका-माणसांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ मध्ये. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. आज पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे, आणि त्या फाटकातून आत जाताना मला परकं वाटत नाही.

त्याच आवारात आयुका आहे, जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. मी नातवाला घेऊन जाते, पण खरं सांगायचं तर मलाच जायचं असतं. तिथं फुकोचा लंबक आहे. लांब तारेला टांगलेला जड गोळा सावकाश झुलतो, आणि झुलता झुलता त्याची दिशा हळूहळू वळत जाते. वळते खरं तर खालची जमीन. घरी रीळ दोऱ्याला बांधून मी हे करून पाहिलं आहे. रीळ झुलवायचं आणि दोरा वरून चिमटीत फिरवायचा. रिळाची झुलायची दिशा बदलत नाही.

तिथं उभ्या असलेल्या विद्यार्थिनीनं सांगितलं की पुण्यात या लंबकाला पूर्ण फेरी घ्यायला साधारण ७५ तास लागतात. माझ्या तोंडून गेलं, "पृथ्वी तर चोवीस तासांत फिरते. मग हा मागं का राहतो?" मागं रांग होती, पण ती पोरगी गडबडली नाही. तिनं टेबलावरचा चेंडू उचलला, कपाळावरची लांबट टिकली काढून चेंडूच्या अगदी डोक्यावर चिकटवली आणि चेंडू फिरवला. टिकली जागच्या जागी गरकन फिरली. "काकू, हा उत्तर ध्रुव. इथं लंबक दिवसात फेरी पुरी करतो." मग टिकली मधोमध लावली, उभी. चेंडू फिरला, टिकली पुढं पुढं गेली, पण उभी ती उभीच राहिली. "हे विषुववृत्त. इथं जमीन नुसती पुढं जाते, पायाखाली गरगरत नाही. आपलं पुणं साडेअठरा अंशांवर, म्हणजे या बाजूला जास्त जवळ. म्हणून इथं थोडंच वळतं, दिवसाला एकशे चौदा अंशांच्या आसपास."

टिकली परत कपाळाला लावून ती पुढच्या माणसाकडं वळली. वर्गात अव्वल येणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत, पण समोरच्याला नेमकं काय अडलंय ते ओळखून त्याच क्षणी हाताशी येईल त्यानं समजावून देणं, याला फार मोठी समज लागते.

डिग्रीचं विचारलंत. ज्यांना हवी त्यांच्यासाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि आमच्या गल्लीतल्या एकीनं तिथून पन्नाशीत बी. ए. केलं, त्याचे पेढे मी खाल्लेत. मला तशी ओढ नाही. मला शनिवार हवा असतो.

गेल्या शनिवारचंच सांगते. विषय होता घोड नदीच्या काठची ताम्रपाषाण काळातली, म्हणजे माणूस दगडाबरोबर तांबंही वापरायचा तेव्हाची गावं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन झालं. पडद्यावर चित्र आलं: घरातल्या जमिनीखाली पुरलेले दोन माठ, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत तान्हं मूल. सभागृहात कुणी हललं नाही. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले सापडतात. का तोडत असतील, यावर अभ्यासक तर्क करतात, पण खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, आणि व्याख्यान देणाऱ्या मॅडमनी ते तसंच सांगितलं.

मग त्याच नदीकाठचं चांडोली आलं. तिथं एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता, अळशीच्या झाडाचा, म्हणजे लिननचा. तीन हजारांवर वर्षं जमिनीत राहून दोरा टिकतो कसा? तांब्याचा अंश त्यात उतरला, त्यामुळं तो कुजवणाऱ्या जिवाणूंना दाद देत नाही. नेवाशालाही एका मुलाच्या गळ्यातल्या मण्यांत रेशीम आणि कापसाचा दोरा मिळाला.

दोरा म्हटल्यावर मला राहवलं नाही. प्रश्नांची वेळ झाली तशी मी हात वर केला. माइक माझ्यापर्यंत येईपर्यंत छाती धडधडत होती. "मॅडम, त्या चांडोलीच्या दोऱ्याला पीळ कुठल्या बाजूचा आहे? उजवा का डावा?" मी विचारलं. "कारण टकळी कुठल्या हातानं आणि कशी फिरवली, त्यावर पिळाची बाजू ठरते. पीळ कळला तर कातणारीचा हात कळेल."

मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "ताई, हे मी पाहिलेलं नाही. मूळ अहवाल काढून बघते." आणि टेबलावरची वही ओढून त्यांनी लिहून घेतलं.

ब्लाउज शुक्रवारी घेऊन जा. शनिवारी दुकान बंद आहे.