नऊ-नऊ मिनिटांचा किप्पूर

किप्पूर म्हणजे आम्हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, अन्नपाण्याशिवाय उपासाचा. त्या दिवशी इस्राएलमधले रस्ते ओस पडतात. सायकली घेऊन निघालेली पोरं आणि मधूनच एखादी अँब्युलन्स, बाकी काही धावत नाही. म्हणून सकाळच्या पाळीच्या आम्ही काही नर्स आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हॉस्पिटलात येतो आणि तिथेच झोपतो. मी मूळची पनवेलची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. पेशंटच्या पाटीवर हिब्रू अक्षरांत आडनावाच्या शेवटी ‘कर’ दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

त्या वर्षी असेच एक आजोबा वॉर्डात होते. ऐंशी ओलांडलेली, जुना मधुमेह, हृदय कमजोर. डॉक्टरांनी उपास करायचा नाही म्हणून आधीच बजावलं होतं, आजोबांनी मान डोलावली होती. पण सकाळचा नाश्ता तसाच्या तसा झाकलेला सापडला. दहाच्या सुमारास मी बोट टोचलं तर साखर ५६. रात्रीचं इन्सुलिन अजून काम करत होतं आणि पोटात कण नव्हता. कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरत होते. मी द्राक्षाचा रस आणला. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“आजोबा, दोन घोट घ्या.”

“आज किप्पूर आहे, बाय. नको.”

साठ वर्षं हिब्रूत बोललेला माणूस, पण साखर उतरली तशी त्यांची हिब्रू गेली. फक्त मराठी उरली. सलाइन लावायला दोनदा सुई टोचली, दोन्ही वेळा शीर निसटली. ड्यूटीवरचे डॉक्टर नेगेवच्या वाळवंटातले बेदुइन मुसलमान. त्यांनी इंजेक्शन भरून हातात धरलं आणि मला म्हणाले, “पाच मिनिटं तू समजावून बघ. याने घटकाभर साखर चढेल, पण काही खाल्लं-प्यायलं नाही तर संध्याकाळपर्यंत पुन्हा उतरतच राहील.” आजारी माणसाने रमजानचा रोजा नंतर धरावा असं कुराणातही आहे, हेही त्यांनी आजोबांना सांगायला लावलं. आजोबांनी नुसते डोळे मिटले.

त्यांचा हट्ट मला कळत होता. आमच्या लोकांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. जवळ रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते, ग्रंथ नव्हते. शनिवारचा शब्बाथ, सुंता, शेमाची प्रार्थना आणि हा किप्पूर, म्हणजे आमचा दारफळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं आणि उपास करायचा, एवढंच हाती उरलं होतं. ते त्यांनी सोडलं नाही. आणि एवढं करून इथे आल्यावर साठच्या दशकात लग्नाच्या वेळी आमच्याच माणसांना विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? १९६४ साली सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं तेव्हा तो प्रश्न मिटला. आजोबांचं लग्न त्यात अडकलं होतं, हे त्यांनीच मला दोन दिवस आधी सांगितलं होतं. अशा माणसाला किप्पूरच्या दिवशी पेला पुढे करणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात हॉस्पिटलचे रब्बी आले. अंगात पांढरा झगा, पायांत कापडी बूट, कारण त्या दिवशी चामडं घालत नाहीत. ते खाटेशी उकिडवे बसले आणि एकच वाक्य म्हणाले: ‘वखाय बाहेम’. मग माझ्याकडे बघितलं. मराठीत सांगायचं माझ्यावर आलं.

तोरा या आमच्या धर्मग्रंथातलं लेवीयचं पुस्तक, अध्याय १८, ओवी ५. देवाच्या आज्ञा पाळाव्यात आणि माणसाने ‘त्यांच्यायोगे जगावं’. लहानपणापासून कानावरून गेलेले शब्द, पण मराठी करताना मी अडखळले. तालमुदात, म्हणजे जुन्या गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, शमुएल नावाचा गुरू यावर म्हणतो, त्यांच्यायोगे जगावं, त्यांच्यायोगे मरावं असं नव्हे. मी तेच सांगितलं.

आजोबा पुटपुटले, “रब्बी अकिवांनी तर जीव दिला.”

रोमन राजवटीत धर्मासाठी मारले गेलेले ते जुने गुरू. रब्बींना मी ते हिब्रूत सांगितलं. ते ठामपणे म्हणाले, “जीव द्यावा पण करू नये अशा गोष्टी तीन. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध संबंध. द्राक्षाचा रस त्यात नाही.” मग म्हणाले, “एका दिवसाच्या जिवंत बाळासाठी शब्बाथ मोडायचा. दावीद राजा मेला तर त्याच्यासाठी मोडायचा नाही. हे आपल्या गुरूंनी लिहून ठेवलंय. यांना सांग, आज यांची आज्ञा पिण्याची आहे. आज उपास धरणं हाच नियम मोडणं.”

मी शब्दन्‌शब्द सांगितला. आजोबांनी माझ्याकडे बघून विचारलं, “मी पक्का ज्यू असूनही प्यायचं?”

“ज्यू आहात म्हणूनच प्यायचं, आजोबा.”

हे रब्बींचं वाक्य नव्हतं, माझं होतं. आजोबांनी तोंड उघडलं. पहिला पेला रब्बींनी माप न लावता पूर्ण प्यायला लावला. घशाची घाटी वरखाली होताना मी बघत होते. डॉक्टरांनी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून दिलं. पाव तासाने साखर ८४ झाली, आणि आजोबा रब्बींशी हिब्रूत बोलायला लागले.

पुढच्या वेळेसाठी मात्र माप ठरलं. औषधाचा छोटा प्लास्टिकचा पेला, त्यात ३० मिली रस, दर नऊ मिनिटांनी. गालात मावेल त्याहून कमी आणि मध्ये अंतर ठेवून घेतलं, तर पूर्ण उपास मोडल्याचा दोष लागत नाही. खाणंही तसंच, चिमटी-चिमटीने. मी पेले ओळीत मांडले आणि घड्याळ उशाशी ठेवलं. माझा स्वतःचा उपास होता, पण तहान आठवायला सवड नव्हती.

दुपारी साखर ११८. आजोबा म्हणाले, मिनहाला न्या, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला. व्हीलचेअर ढकलत मी त्यांना हॉस्पिटलच्या छोट्या सिनेगॉगमध्ये नेलं, हातात ट्रे. किप्पूरच्या मिनहाला तोरातून लेवीय अठरावा अध्याय वाचतात. दरवर्षी वाचतात, पण माझं लक्ष माशाच्या पोटात गेलेल्या योनाच्या गोष्टीकडे असायचं, ती लगेच पुढे येते म्हणून.

वाचणारा पाचव्या ओवीवर आला. ‘वखाय बाहेम.’ आजोबांनी पुस्तकावरची नजर उचलली आणि तळहात माझ्याकडे पसरला.

“बाय, नऊ झाली का?”

“एक बाकी आहे, आजोबा.”

त्यांनी हात तसाच पसरून ठेवला.