नजर कुठे आहे?

टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांच्या, डेकसोबत एक चिमुकलं पुस्तक येतं. त्यात प्रत्येक पत्त्याचा अर्थ दोन-तीन शब्दांत उरकलेला असतो. मी ते खोक्यातच राहू देते. ७८ अर्थ पाठ करण्याचा कंटाळा हे एक कारण आहेच, पण अर्थ आधी कळला की चित्राकडे कुणी धड बघत नाही, हे त्याहून मोठं.

आणि चित्रं तर बघण्यासारखी आहेत. माझा डेक सगळ्यांकडे असतो तोच, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. फ्रान्समधल्या मार्सेय धाटणीच्या जुन्या पत्त्यांत पाच चषक म्हणजे नुसते पाच चषक, आपल्या चौकट-बदामसारखे मांडलेले. पामेलाने तिथे माणसं उभी केली. ती नाटकवाल्यांत वावरलेली बाई. काही पत्त्यांत पात्रांच्या मागे एक सरळ आडवी रेघ दिसते, ती रंगमंचाची कड वाटते. या कामाचे पैसे मात्र तिला फारच थोडे मिळाले.

तर माझी पद्धत नाटक बघण्याची आहे. पत्ता उघडला की मी आधी बघते, पात्राची नजर कुठे आहे? मग, कशाकडे नाही? फाइव्ह ऑफ कप्समधला काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन चषकांकडे मान खाली घालून उभा आहे. मागे दोन चषक शाबूत आहेत, पलीकडे जायला पूलही आहे. फोर ऑफ कप्समधल्या पोराला ढगातून कुणी चषक देऊ करतंय आणि हा हाताची घडी घालून बसलाय! टू ऑफ स्वॉर्ड्समधल्या बाईच्या तर डोळ्यांवरच पट्टी. 'द फूल', म्हणजे मूर्ख, आभाळाकडे बघत कड्याच्या टोकाशी आलेला, आणि कुत्रं बिचारं पायाशी उड्या मारतंय.

एक्क्यांवर ही युक्ती साफ पडते. तिथे ढगातून आलेला नुसता हात असतो, डोळेच नाहीत. पत्ता उलटा निघाला तर त्याचा अर्थ वेगळा लावतात, पण असे पत्ते मी सरळच करून घेते.

पत्त्यांना भविष्य कळतं असं मी मानत नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतले लोक हे पत्ते चक्क खेळायला वापरत. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचं जाहीर केलं. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे खोडून काढणार कोण?

पण चित्रासमोर माणसं बोलतात. परवा एक मैत्रीण विचारत होती, "नोकरी सोडू का गं?" निघाला सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स. छावणीतून पाच तलवारी घेऊन चवड्यांवर सटकणारा माणूस, मान मात्र मागे वळलेली. पुस्तकात याला चोरी, कावेबाजपणा म्हणतात. मी काही न सांगता विचारलं, "हा मागे काय बघतोय?"

तिने पत्ता जवळ घेतला. जमिनीत रोवलेल्या दोन तलवारींवर बोट ठेवलं.

"ह्या राहिल्या ना त्याच्या," ती म्हणाली. "माझीही ग्रॅच्युइटी राहिलीये. थोडेच महिने आहेत. तेवढे काढते."