तुमच्या वर्कशॉपला वॉशिंग्टन पैसे का देतं?

गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत, नाहीतर कोल्हापूरहून येणाऱ्या रविवारच्या फोनवर, हा प्रश्न हमखास येतो. "ताई, तुम्ही ओहायोत शाळेतल्या पोरांना लेथ नि मिलिंग शिकवता. म्हणजे आपल्याकडचं आयटीआयच की! मग त्याला पैसे कोण देतं? आणि आता तिथलं केंद्राचं शिक्षण खातंच बंद करायला काढलंय म्हणतात, मग तुमचं कसं व्हायचं?" हातात प्रसादाचा द्रोण घेऊन याचं उत्तर नीट देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमचं करिअर सेंटर नैऋत्य ओहायोत आहे. आसपासच्या हायस्कुलांमधली अकरावी-बारावीची मुलं आमच्याकडे येतात. दिवसाचा काही भाग इंग्रजी-गणित, उरलेला वर्कशॉप. कुणी वेल्डिंग, कुणी नर्सिंगची पहिली पायरी, कुणी वायरिंग. माझा वर्ग मशीनिंगचा. मी कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये बरीच वर्षं काढली आणि त्या अनुभवावर मला शिकवण्याचा परवाना मिळाला. शिकवता शिकवता शिक्षणशास्त्राचे तासही पुरे केले. आयटीआयशी नातं आहेच, पण आयटीआय ही वेगळी संस्था असते. इथे मुलगा हायस्कूलचाच विद्यार्थी राहतो, त्याच शाळेचा दाखला घेतो आणि हवं तर पुढे कॉलेजलाही जातो.

आता पैशाचं. माझ्या वर्कशॉपात एक सीएनसी मिल, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र, आहे. तिच्या कंट्रोलच्या बाजूला बोटभर लांबीचं चंदेरी लेबल चिकटवलंय. त्यावर नंबर, खरेदीची तारीख आणि एक शब्द: पर्किन्स. केंद्राच्या पैशातून घेतलेल्या प्रत्येक मोठ्या यंत्राची नोंद ठेवावी लागते, आणि निदान दोन वर्षांतून एकदा ते यंत्र जागेवर आहे का, चालतंय का, हे प्रत्यक्ष पाहावं लागतं. जूनमध्ये मुलं सुट्टीला गेली की मी यादी घेऊन फिरते. रिकाम्या वर्कशॉपात कूलंटचा तो गोडूस तेलकट वास असतो आणि मी एकेका लेबलापुढे खूण करत जाते. ज्यांच्यावर लेबल नाही ती यंत्रं जुनी आहेत, काही माझ्यापेक्षाही. इमारत, वीज, बस, माझा पगार हे सगळं स्थानिक मालमत्ता कर आणि राज्य सरकार यांच्यातून येतं. अमेरिकेत शाळा हा राज्यांचा विषय. राज्यघटनेत शिक्षण हा शब्दसुद्धा नाही. सगळ्या सरकारी शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्यामुळे वॉशिंग्टन माझी शाळा चालवत नाही. पण त्या लेबलवाल्या मिलशिवाय माझा वर्ग नुसता नावाला उरेल.

तो पैसा पर्किन्स कायद्यातून येतो. आत्ता लागू आहे ती त्याची पाचवी आवृत्ती, ३१ जुलै २०१८ रोजी ट्रम्प यांनी सही केलेली. राज्यांना यातून वर्षाला सुमारे १४० कोटी डॉलर मिळतात. आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण हे पन्नास राज्यांतल्या हायस्कुलांसाठी आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी मिळून आहे. नवी सीएनसी मिल हत्यारांसकट घ्यायची तर ५० हजार डॉलर सहज लागतात.

या कायद्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते वाटपाचं सूत्र. राज्याला मिळालेल्या रकमेतला किमान ८५ टक्के भाग खाली, शाळा-कॉलेजांपर्यंत पोचवावा लागतो. हायस्कुलांच्या वाट्यातला ७० टक्के पैसा त्या भागात गरीब घरांतली मुलं किती यावर ठरतो, आणि ३० टक्के एकूण मुलांच्या संख्येवर. म्हणजे जिथे मालमत्ता करातून फारसं काही जमत नाही, नेमकं तिथे केंद्राचं पारडं झुकतं. श्रीमंत उपनगरातली शाळा स्वतःच्या बळावर थ्रीडी प्रिंटरांची रांग लावू शकते. आमच्याकडे कारखाने गेले आणि घरांच्या किमतीही बसल्या. तिथे हे सूत्र नसतं तर माझ्या मुलांना फळ्यावर चित्रं काढून मशीन शिकावं लागलं असतं.

दुसरी अट कडक आहे. राज्याचा किंवा शाळेचा नेहमीचा खर्च काढून त्या जागी हा पैसा घालता येत नाही. मी समजावते ते असं: हा पैसा वरणावर वाढायच्या तुपाचा. वरण तुमचं तुम्हीच शिजवायचं. शाळेनं उद्या ठरवलं की आपण आपलं वरण बंद करू आणि केंद्राच्या तुपावर भागवू, तर ते चालायचं नाही. शिवाय दर दोन वर्षांनी स्थानिक गरजेची पाहणी करावी लागते. जवळपासचे मालक, पालक, शिक्षक यांना एका टेबलाशी बसवून विचारायचं, इथे कसलं काम आहे, आम्ही काय शिकवतोय, त्यात कुठे तफावत आहे. मी अशा बैठकांना बसले आहे. एका छोट्या कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या की त्यांना मुलांना प्रोग्रॅमिंग आलं नाही तरी चालेल, पण ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे. पुढच्या वर्षी मी ड्रॉइंगवरचे तास वाढवले.

या पैशाचा इतिहास सगळा गोड नाही, तोही सांगायलाच हवा. केंद्रानं हायस्कूलमधल्या व्यवसायशिक्षणाला पैसा द्यायला सुरुवात केली १९१७ मध्ये, स्मिथ-ह्यूज कायद्यानं. वुड्रो विल्सन यांची सही झाली २३ फेब्रुवारीला, आणि सहाच आठवड्यांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. शेती, कारखान्यातले धंदे आणि मुलींसाठी गृहशास्त्र, अशी विभागणी होती. केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याला एक डॉलर घालावा लागे. पण त्याच चौकटीत पुढे अनेक वर्षं काळी मुलं, स्थलांतरितांची मुलं, गरिबांची मुलं यांना 'तुमची जागा इथे' असं सांगून कॉलेजच्या वाटेवरून बाजूला काढलं गेलं. व्होकेशनल या शब्दाला जो कमीपणा चिकटला तो तिथून. २००६ मध्ये कायद्यानं तो शब्द काढून 'करिअर आणि तांत्रिक शिक्षण' असं नाव घेतलं. नाव बदलून डाग पुसत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण कायद्यानं नावाबरोबर हिशेबही मागायला सुरुवात केली. कुठल्या गटातली किती मुलं आली, किती उत्तीर्ण झाली, पुढे काय करताहेत, हे गटवार दाखवावं लागतं. तो हिशेब मला महत्त्वाचा वाटतो.

हे पर्किन्स कोण, असं मुलं लेबल वाचून विचारतात. कार्ल पर्किन्स हे पूर्व केंटकीचे खासदार, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ भागातले. १९४९ पासून १९८४ पर्यंत ते प्रतिनिधिगृहात होते आणि १९६७ पासून शिक्षण व कामगार समितीचे अध्यक्ष. ऑगस्ट १९८४ मध्ये ते गेले आणि ऑक्टोबरमध्ये झालेल्या कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं. माझ्या वर्गात हे सांगताना मला बरं वाटतं, कारण आमच्या भागातल्या कितीतरी मुलांचे आजोबा-पणजोबा त्याच डोंगरांतून ओहायोच्या कारखान्यांत कामाला आले. एका मुलानं ऐकून फक्त एवढंच म्हटलं, "माझी आजी तिकडचीच." आणि परत जाऊन मशीनपाशी उभा राहिला.

माझं स्वतःचं एक कलम आहे यात. एखाद्या कामात स्त्रिया किंवा पुरुष २५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर त्या कमी असलेल्यांसाठी ते काम 'अपारंपरिक' धरलं जातं, आणि अशा वर्गांत ती मुलं-मुली किती येतात हे शाळेला दाखवावं लागतं. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली. कुणी मोजत नव्हतं, म्हणून कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. इथे पहिल्यांदा फॉर्मवर तो रकाना पाहिला तेव्हा मी तो दोनदा वाचला.

गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी आली, सोळा वर्षांची, आधी नुसती भिंतीला टेकून उभी राहणारी. तिनं पाऊण इंचाचा शाफ्ट कातला, मापात चालेल असा फरक फक्त एक हजारांश इंचाचा. मायक्रोमीटर घेऊन इतका पिळला की कुठलंही माप आलं असतं. मी तिचा अंगठा मायक्रोमीटरच्या टोकाच्या रॅचेटवर ठेवला आणि वडील मला सांगायचे तेच सांगितलं, पिळू नकोस, त्याला विचार. टिक, टिक, टिक. माप दोन हजारांश जास्त. तिनं शाफ्ट परत चकमध्ये धरला, डायल लावून मधोमध बसवला, एक बारीक कट घेतला, पुसला, परत मोजला. बरोबर निघाला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त तो शाफ्ट खिशात घालून घरी नेला. मी पाहिलं आणि नेऊ दिला. तिच्या घरी गाडी नव्हती. फी, प्रवास, मूल सांभाळण्याचा खर्च, असल्या गोष्टींसाठीही अडचणीतल्या विद्यार्थ्यांवर हा निधी वापरता येतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसतं. मी पहिल्याच पालकसभेत सांगते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बंद झालं तर? मार्च २०२५ मध्ये शिक्षण खातं गुंडाळण्याचा ट्रम्प यांचा आदेश निघाला आणि त्याच वर्षी पर्किन्सचा रोजचा कारभार श्रम खात्याकडे वळवायला सुरुवात झाली. कायदा मात्र रद्द झालेला नाही. तो काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, केलेला आहे. त्यातली निधीची मुदत २०२४ च्या आर्थिक वर्षापर्यंतची होती. ती उलटल्यावरही पैसे दरवर्षीच्या मंजुरीवर चालू राहिले. मला खात्याच्या पाटीपेक्षा जास्त भीती वाटते ती या हळूहळू झिजण्याची. २००४ च्या सुमारास राज्यांना जवळपास १२० कोटी डॉलर मिळत होते आणि २०१८ मध्येही जवळपास तेवढेच. मधल्या काळात कार्बाइडच्या टिपांपासून पोलादापर्यंत सगळं महागलं. कुणी काही कापलं नाही, तरी आमच्या हातात कमीच आलं.

चांगलंही घडलं आहे. गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी केंद्राकडून मिळणारं पेल अनुदान छोट्या अभ्यासक्रमांना मिळत नसे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून ८ आठवड्यांपासून १५ आठवड्यांच्या आतल्या अभ्यासक्रमांना ते खुलं केलं आहे, पण किमान ७० टक्के लोकांनी तो पुरा केला पाहिजे आणि ७० टक्क्यांना काम मिळालं पाहिजे. दिवसभर गोदामात राबून संध्याकाळी वेल्डिंग शिकायला येणारी माणसं मी पाहते. त्यांना दोन वर्षांची पदवी परवडत नाही, दहा आठवडे जमतात. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आणि पर्किन्सचा पैसा खरंच थांबला, तर दुसऱ्या दिवशी काही दिसणार नाही. दिवे लागतील, माझा पगारही होईल. मिल मात्र म्हातारी होईल. कंट्रोल जुना पडेल, आणि कारखान्यात जे यंत्र आहे ते मुलांनी कधी पाहिलेलंच नसेल.

वर्ग संपवून गेलेली मुलं बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत काय करताहेत हेही कळवावं लागतं. जूनमध्ये गेलेल्यांचा तो काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. मी संध्याकाळी स्वयंपाक उरकून एकेकाला फोन लावते. गेल्या डिसेंबरात एकानं उचलला, मागे यंत्रांचा आवाज. म्हणाला, नाइट शिफ्टला आहे, ब्रेकवर आहे, चारच मिनिटं आहेत. मी विचारलं, मशीन कुठलं? "नवीन आहे, पाच अक्षांचं," तो म्हणाला. "पण कंट्रोल आपल्याकडच्या मिलचाच आहे. पहिल्या दिवशी मला कुणी दाखवावं लागलं नाही." मी फॉर्मवर नोकरीच्या चौकोनात खूण केली आणि पुढचा नंबर लावला.