फुल्या आणि ठिपके

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न डोकेदुखीबद्दल नव्हता. "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" मी म्हटलं, "असेल आठवड्यातून दोनदा-तीनदा." त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. "घरी जाऊन रिकाम्या स्ट्रिप्स मोजा आणि पुढच्या वेळी आकडा घेऊन या."

मी हिशेब तपासण्याचं काम करते. दुसऱ्याच्या खात्यातली चूक मला पान उलटायच्या आत दिसते. त्या रात्री टेबलाचा खण, पर्स, उशीखाली ठेवलेली डबी, सगळं उलटं केलं आणि औषधाच्या पावत्यांशी ताळा घातला. एका महिन्यात ४० गोळ्या. एका वेळी दोन घ्यायची सवय, म्हणजे २० दिवस. मी दोनदा मोजलं. आकडा काही कमी होईना.

अर्धशिशी मला कॉलेजपासूनची. डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो, उजेड सोसत नाही, पोटात ढवळतं आणि दिवस वाया जातो. पूर्वी हे महिन्यातून दोनदा व्हायचं. मग दुकानातून आणलेल्या गोळ्या सुरू झाल्या, पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेल्या. सुरुवातीला गुण यायचा. नंतर नंतर सकाळी जाग यायची तीच जड डोक्याने, आणि 'आज काम आहे, वाढायला नको' म्हणून चहाआधी गोळी. डोकं दुखत नसतानाही घेतलेल्या गोळ्या त्या ४० मध्ये किती होत्या, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलंच असावं.

त्यांनी सांगितलं ते असं. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि माझ्यासारख्या मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गटातली, म्हणजे खास अर्धशिशीचा झटका थांबवणारी औषधं १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, की ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांच्यात औषधच डोकेदुखीचं कारण होऊ शकतं. इथे गोळ्या मोजत नाहीत, दिवस मोजतात. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. मला हे फार उशिरा कळलं आणि फार लागलं.

जुन्या गोळ्या एकदम बंद केल्या. माझ्या गोळ्यांत कोडीनसारखं, अफूच्या जातीचं काही नव्हतं म्हणून ते चाललं. असतं तर हळूहळू उतरवाव्या लागल्या असत्या. पहिला आठवडा अवघड जाईल, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. गेलाच. चौथ्या दिवशी मी अंघोळीला उठू शकले नाही. हातात फक्त मळमळीची गोळी. दहाव्या दिवशी सकाळी जाग आली आणि डोक्यात काहीच नव्हतं. मी बराच वेळ हलले नाही, उगाच बिघडायला नको म्हणून.

मग खरं औषध लिहून मिळालं: सुमाट्रिप्टान ५० मिलीग्रॅम. पण त्याआधी चौकशी झाली ती एखाद्या नोकरीच्या मुलाखतीसारखी. रक्तदाब मोजला. छातीत कधी दुखलं का, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का, नैराश्याचं औषध चालू आहे का, अर्गोटामिनची, म्हणजे अर्धशिशीच्या जुन्या औषधाची गोळी कधी घेतली का, गर्भनिरोधक गोळ्या घेते का. शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. माझ्या डोळ्यांपुढे कधीकधी दुखण्याआधी चकाकणारी नागमोडी रेघ येते. अशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आजवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

ट्रिप्टान रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना ते चालत नाही. हे मला धाकट्या बहिणीमुळे पाठ झालं. एका रात्री ती डोकं धरून आली. "ताई, तुझी ती जादूची गोळी दे ना एक." तिला रक्तदाब आहे आणि तिची गोळी ती आठवण झाली तरच घेते. माझा हात पर्सकडे गेलाही होता. मग नाही म्हटलं. ती दोन दिवस बोलली नाही. चालेल.

गोळी कधी घ्यायची, हे मात्र मी चुका करत शिकले. रेघ दिसली की लगेच घ्यायची, असं मी धरून चालले होते. तसं नाही. रेघेच्या वेळी ती उपयोगी पडत नाही. दुखायला लागलं की, पण ठणका भरात यायच्या आत घ्यायची. एकदा बैठक चालू होती, उठायचा संकोच वाटला, तासभर कळ काढली. उलटी झाल्यावर गोळी घेतली आणि ती पाण्यात गेल्यासारखी झाली. झटका चालू असताना पोट सुस्तावतं, गोळी आत शोषली जायला वेळ लागतो. त्या दिवशी दुसरी घ्यायचा मोह फार झाला. पण डॉक्टरांचा नियम होता: पहिलीने जराही फरक पडला नाही तर त्याच झटक्यासाठी दुसरी नाही. पहिलीने उतरून पुन्हा चढलं तरच दुसरी, तीही निदान दोन तासांनी. आणि २४ तासांत एकूण २०० मिलीग्रॅमच्या वर कधीच नाही.

पहिल्यांदा घेतली तेव्हा अर्ध्या तासाने घसा, जबडा आणि छाती आवळल्यासारखी झाली. असं होऊ शकतं, बहुतेक वेळा ते हृदयाचं नसतं, हे त्यांनी सांगितलेलं होतं. पण घरी एकटीने अंधारात पडून 'बहुतेक वेळा' या शब्दांचा फार आधार वाटत नाही. मी फोन केला. त्यांनी लगेच बोलावून ईसीजी काढला. तो ठीक निघाला. तरीही तीव्र दुखलं किंवा कमी झालं नाही तर थेट तातडीच्या विभागात जायचं आणि पुढची गोळी घ्यायची नाही, हे पुन्हा सांगितलं. अचानक क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर ताठ झालेली मान, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, हे झालं तर 'माझी नेहमीचीच अर्धशिशी' म्हणत घरी पडून राहायचं नाही, हेही त्याच दिवशी.

झटके महिन्यात चारांवर आले तरी तो आकडा टिकेना, म्हणून रोजचं प्रतिबंधक औषध सुरू झालं, प्रोप्रानोलोल. दमा नाही ना, हे आधी विचारून. ते लागू पडायला आठवडे लागतात. मी तिसऱ्याच आठवड्यात कुरकुर केली होती.

याच काळात एकदा दुकानात सुमाट्रिप्टान संपलं होतं. दुकानदाराने रिझाट्रिप्टान १० मिलीग्रॅम पुढे केलं: "एकाच जातीचं आहे, काही फरक नाही." फरक होता. प्रोप्रानोलोलमुळे रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यामुळे ते ५ मिलीग्रॅमचंच घ्यावं लागतं. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच होतं की नाव बदललं की आधी फोन करायचा. वर दोन ट्रिप्टान एका दिवसात कधी घ्यायची नाहीत, ती भानगड वेगळीच. माझ्या सगळ्या औषधांची यादी आता फोनच्या मागच्या कव्हरमध्ये असते, हस्ताक्षरात. बॅटरी संपली तरी वाचता येते.

कॅलेंडरवर ट्रिप्टानच्या दिवशी फुली, साध्या वेदनाशामकाच्या दिवशी ठिपका. आज २१ तारीख. चार फुल्या, दोन ठिपके. सकाळी पाचवी फुली पडणार असं वाटलं होतं. स्ट्रिप हातात घेतली, थोडं थांबले. दुखत दोन्ही बाजूंना होतं, ठणकत नव्हतं, उजेडही खुपत नव्हता. रात्री ताळेबंदावर वाकून बसल्याची मान होती ती. मान शेकली, पॅरासिटामॉल घेतलं आणि तिसरा ठिपका काढला.