किती गोल मारलेस?

फुटबॉलचा सामना खेळून घरी आलं की आजीचा ठरलेला प्रश्न, 'किती गोल मारलेस गं?'

एकही नाही. मी बॅकला, म्हणजे बचावाला खेळते.

'म्हंजे नुसतं उभं राहायचं?' शिवाजी स्टेडियमवर सोलवटलेल्या माझ्या गुडघ्यात हळद भरत ती विचारते. (तिकडं कोल्हापुरात आज्यांनाही ऑफसाइड कळतो म्हणे. आम्ही सांगलीकर!)

परवा तिला मोबाइलवर आशालता देवी दाखवली. मणिपूरची बचावपटू, भारताचं कर्णधारपद सांभाळलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध १०० वा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. भारतीय महिलांमध्ये पहिलीच.

आजीनं चष्मा वर सरकवला. 'शंभर? आणि गोल?'

'अडवलेले कोण मोजतंय, आजी!'

'मग तू मोज की,' म्हणाली, आणि हळदीचं बोट जरा जोरातच दाबलं.