मुंबई ते मोपा, भर जुलैत: विमानाची भीती वाटणाऱ्यांसाठी

मुंबई ते गोव्यातलं मोपा विमानतळ हा हवेतला प्रवास जेमतेम तासाभराचा. पण जुलैत ढग खाली उतरलेले असतात, त्यामुळे घाबरणाऱ्याला तो तास जड जातो. शक्यतो सकाळचं विमान घ्या. उशीर दिवसभर साचत जातो आणि ताटकळत बसल्यावर भीती वाढते. एअरबस ए३२० या जातीच्या विमानात पंखांजवळच्या, साधारण १० ते १८ या रांगांत हादरे कमी जाणवतात, शेपटीकडे सर्वाधिक. कोंडल्यासारखं होत असेल तर मधल्या वाटेला लागून असलेली जागा बरी. निघण्यापूर्वी जास्त कॉफी नको, दारू तर नकोच. विमानात शिरतानाच कर्मचाऱ्यांना भीतीबद्दल सांगून ठेवा.

सगळ्यात वाईट क्षण उड्डाणानंतर मिनिटभरात येतो. साधारण हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा जोर ठरवून कमी केला जातो. आवाज उतरतो, पोटात खड्डा पडतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते चढतच असतं. पाठोपाठ येणारी घरघर पंखांचे फ्लॅप, म्हणजे उड्डाणासाठी मागच्या कडेला बाहेर काढलेल्या पट्ट्या, आत घेतल्याची.

मग ढग. इथे पट्टा कमरेवर घट्ट हवा. सैल असेल तर प्रत्येक धक्का दुप्पट वाटतो. शेकडो फूट कोसळल्यासारखं वाटलं तरी नेहमीच्या हादऱ्यांत उंचीतला फरक थोडक्या फुटांचाच असतो. खुर्चीचे हात आवळून धरू नका, अंग सैल सोडा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बोटांना मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्यामुळे. घबराट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि ओसरते. तिच्याशी झगडलात तर ती लांबते.

उतरताना चाकं बाहेर येतात तेव्हा दणका आणि वाऱ्याचा घोंगाट येतो. ओल्या धावपट्टीवर वैमानिक मुद्दाम जरा जोरात टेकवतात, म्हणजे टायर पाणी कापून जमिनीला धरतात. कधी धावपट्टी दिसत नाही. मग इंजिन एकदम गरजतं आणि विमान पुन्हा वर जातं. हा सरावातला निर्णय आहे, आणि त्यासाठी व पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतकं इंधन आधीच भरलेलं असतं. वैमानिक कामात असल्यामुळे घोषणा मात्र काही मिनिटं उशिरा होते, म्हणून ती शांतता वाईट बातमी समजू नका.

भीतीवरची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि आधी घरी एकदा घेऊन पाहा. परतीसाठी कोकण रेल्वेचं तिकीट काढून ठेवू नका. लगेच दुसऱ्यांदा विमानात बसलात तर हे आवाज ओळखीचे होतात.